नाचणाऱ्या थेंबाच्या नादी

तापलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब किती वेळ जगतो, हे मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. लग्नकार्यात नवी ओळख झाली की मी हे सरळ सांगून टाकते. समोरची बाई शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "ते झालं, पण काम काय करत होता?"

हेच काम. इस्लामपूरच्या बाहेर, चारी बाजूंनी ऊस असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवत होते. तास संपले की तळमजल्यावरच्या लॅबमध्ये जायचं, प्लेट तापवायची, तिच्यावर सुईतून एक थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. खिडकीबाहेर उसाला तुरे आलेले असायचे. दुपारचं तिरकं ऊन आत प्लेटवर पडायचं आणि त्या उन्हात तो एवढासा थेंब चमकत फिरत राहायचा. किती वाजले, कोण येऊन गेलं, कशाचं भान नसायचं. घरचे म्हणायचे, ही कॉलेजात झोपा काढून येते की काय, डोळे बघा हिचे. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

हा नाद मला मेढ्याला लागला, आईच्या चुलीपाशी. आई घावन घालायच्या आधी ओल्या हातानं तव्यावर पाणी शिंपडायची. थेंब चर्र करून विरले की म्हणायची, "आता घालू." पण कधी जाळ जास्त व्हायचा आणि मग थेंब विरायचेच नाहीत. गोल गोळ्या होऊन तव्यावर सैरावैरा पळत सुटायचे, एकमेकांना धडकायचे, कडेवरून उडी मारायचे. "लय तापला बग," असं म्हणत आई लाकूड मागं ओढायची. मी तिचा हात धरायची आणि म्हणायची, "आई, आजून एक टाक." घावन करपायचं, बाहेर वडील ताटावर बसलेले असायचे, आणि आई तरी आणखी एकदा शिंपडायची.

पुढं शिकल्यावर कळलं की आईच्या तव्यावर जे चाललं होतं त्याच्यामागं जगभर माणसं लागली आहेत. गोष्ट साधी आहे. तवा बेताचा तापलेला असला तर थेंब त्याला चिकटतो, उकळतो आणि संपतो. तव्यानं उष्णता दिली, थेंबानं घेतली, व्यवहार झाला. तवा त्याच्या बराच पुढं तापवला, तर मात्र थेंब टेकायच्या आतच त्याच्या तळाची वाफ होते, आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगत राहतो. लोखंडाला तो शिवतच नाही. उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि म्हणून जास्त तापलेल्या तव्यावर तो जास्त जगतो. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटायचं. मी फळ्यावर समजावत बसायचे नाही, खाली नेऊन दाखवायचे.

मोजायचं कसं, तेही सांगते. प्लेटच्या पोटात, पृष्ठभागाच्या अगदी खाली, केसाएवढ्या बारीक तारा बसवलेल्या असतात. त्यांना थर्मोकपल म्हणतात. थेंब पडला की त्याच्याखालचं लोखंड जरा गार होतं. किती झालं आणि किती झटक्यात झालं, ते या तारा सांगतात, आणि कॉम्प्युटरवर एक रेघ उमटते. थेंब चिकटला की रेघ धाडकन खाली येते. थेंब तरंगला की नुसती थरथरते. मला थरथरणारी रेघ आवडायची. शिकवणाऱ्या माणसानं असं बोलू नये, पण आता मला कोण विचारतंय? एकदा कोयनेकडं जमीन हलली. आम्हाला कुणाला काही कळायच्या आत प्लेटवरचा थेंब शहारला होता. तो दिवस मी अजून कुणाकुणाला सांगत असते.

लॅबमध्ये माझ्या जोडीला मामा होते, सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, घरचा ऊस असलेले. घरी बसवत नाही म्हणून लॅब अटेंडंटची नोकरी धरली होती. प्लेट साफ ठेवणं त्यांच्याकडं, आणि ते काम ते रायफल पुसल्यासारखं करायचे. प्लेटवर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला की म्हणायचे, "म्याडम, कुणीतरी हात लावलाय. चार्ज कुणाचा हाय हितला?" चार्ज त्यांचाच होता.

कॉलेजात ताप मोजायचं मशीन आहे म्हटल्यावर गावातली माणसं यायचीच. एकानं म्हशीचा ताप मोजून मिळेल का, असं विचारलं होतं. सांगलीचे एक डोसेवाले अण्णा दोन तवे रिक्षात घालून आले. एकावर डोसा सुटतो, दुसऱ्यावर धरतो, काय भानगड आहे ते बघा म्हणाले. आम्ही दोन्ही तवे तापवून थेंब सोडले. पहिल्यावर थेंब मधे घुटमळले, दुसऱ्यावर सगळे कडेला घरंगळले. दुसरा तवा मधे फुगला होता, डोळ्यांना दिसत नव्हता एवढंच. पुढं कितीतरी दिवस लॅबमध्ये डोसे येत राहिले, आणि प्राचार्य उगाचच आमच्याकडं चक्कर मारायला लागले.

बिरू आला तो मात्र गंमत बघायला आला नव्हता.

नोकरीचं माझं शेवटचं वर्ष होतं. तिशी ओलांडलेला, अंगानं काटक, दारात चपला काढून आत आला. त्याचं घर जतकडचं. वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, जन्मभर मेंढरं घेऊन हिंडलेले, आता मुक्कामाला राहून थोडी शेती करणारे. बिरू लहान वयातच कारखान्यात कामाला लागला, काम शिकला आणि इस्लामपूरजवळ स्वतःची पत्र्याची शेड टाकली. त्यात तो पिना करायचा. ट्रॅक्टर आणि उसाची ट्रॉली यांना जोडणारी जी लोखंडी पिन असते, ती. भरलेल्या ट्रॉलीचा सगळा ओढा त्या एका पिनेवर असतो.

त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक पिन काढून माझ्यासमोर ठेवली. मधे वाकलेली होती.

"ही माझीच, ताई," तो म्हणाला. "सिदूच्या ट्रॅक्टरला व्हती. माझा धाकटा भाऊ."

मागच्या हंगामात भरली ट्रॉली घेऊन सिदू उतार उतरत होता. पिन वाकली आणि निसटली, ट्रॉलीचा दांडा रस्त्यात रुतला, आणि ट्रॅक्टर चरीत गेला. सिदू चाकाखाली सापडला. जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं.

"आता बरा आहे का?"

"चालतोय. जरा वडतोय पाय. ह्या हंगामाला परत ट्रॅक्टरवर बसणार म्हणतोय, त्याला दुसरं येतंय काय?" बिरू खाली बघत बोलत होता. "आबा तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. आईला सांगत्यात, मला ऐकू जाईल असं. म्हणत्यात, सगळा गाव थोरल्याच्या पिना नेतोय. धाकट्याच्या ट्रॉलीला तीच पिन घालायची धमक असंल तर शेड चालू ठेव म्हणावं, न्हाईतर कुलूप लाव."

"मग? घालशील?"

"धीर हुईना, ताई. काई पिना चांगल्या निघत्यात, काई अशा. लोखंड एकच, पाणी एकच, माणूस एकच. का निघत्यात अशा, तेवढं सांगा."

मी पिन कापून बघितली. एका बाजूला पाहिजे तेवढी कठीण, दुसऱ्या बाजूला मऊ पट्टा. लाल झालेलं पोलाद पाण्याखाली झटक्यात गार झालं तर कठीण होतं, सावकाश गार झालं तर मऊ राहतं. म्हणजे एकाच पिनेवर काही ठिकाणी पाणी लागत होतं आणि काही ठिकाणी लागत नव्हतं. पाण्याचा फवारा तर पिनेवर सगळीकडून होता. पाण्याचा जोर वाढवून बघितला, पाणी गार करून बघितलं. बिरू सांगेल ते करायचा, पिना कापून आणायचा, येताना शेंगा आणायचा. पिना तशाच. काही उत्तम, काही मऊ.

वाफेची गादी आडवी येते आहे, एवढं मला कळत होतं. ती कधी येते आणि कधी नाही, हे कळत नव्हतं. म्हणून पिनेच्याच पोलादाची एक प्लेट करून घेतली, तारा बसवल्या, आणि मामांनी ती घासून घासून अशी केली की खिडकीतला ऊस तिच्यात दिसायचा. तिच्यावर थेंब सोडला तर तो काय फिरायचा! संपायचं नावच घेत नव्हता. आयुष्यात इतकी सुरेख थरथरणारी रेघ मी बघितली नव्हती. बिरू शेजारी उभा राहून ती रेघ बघायचा आणि त्याला त्यात काही सुरेख दिसायचं नाही. मग मलाही वाईट वाटायचं.

असं करता करता दसरा आला. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, मशिनं सगळ्यांची पूजा होते. लेथला झेंडूची माळ, कॉम्प्युटरला कुंकू, बोर्डाच्या स्विचलासुद्धा कुंकू. लॅबची पूजा मामांची. त्यांनी नारळ फोडला, सगळ्या मशिनांवर पाणी शिंपडलं आणि माझ्या त्या लाडक्या प्लेटवर जरा जास्तच शिंपडलं.

सुट्टीनंतर मी प्लेट तापवली, थेंब सोडला आणि चर्र झालं. थेंब चिकटला आणि गेला. रेघ धाडकन खाली. तापमान बघितलं तर नेहमीचंच, म्हणजे थेंब नाचायला पाहिजे असं. दुसरा सोडला, तोही गेला. तिसरा कडेला पडला, तिथं मात्र थोडा फिरला.

"मामा, प्लेटला काय लावलंत?"

"काय न्हाई. पूजा केली. नारळाचं पाणी, हळद, कुक्कू."

"मग नंतर धुतली का नाही?"

"पुसली की कोरड्या फडक्यानं. देवाचं हाय म्याडम, साबणानं कसं धुवायचं?"

माझा पारा चढला होता. इतक्या दिवसांची मेहनत, आणि यांनी तिच्यावर नारळ फोडला. मी खुर्चीत बसले आणि प्लेटकडं बघत राहिले. नारळाच्या पाण्यातली साखर तापून जळाली होती आणि प्लेटवर काळपट, खरखरीत असा पातळ पापुद्रा धरला होता. नखानं हळूच खरवडून बघितला. थेंबाला गादी पसरायला गुळगुळीत जागाच उरली नव्हती. खरखरीतपणातून वाफ निसटत होती, थेंब लोखंडाला टेकत होता. जिथं पाणी शिंपडलं गेलं नव्हतं, तिथं प्लेट अजून आरशासारखी होती, आणि तिथंच थेंब नाचत होता.

मी बिरूला फोन केला. म्हटलं, चांगल्या निघालेल्या पिना आणि मऊ निघालेल्या पिना, दोन्ही घेऊन ये, आणि कशा कशा केल्यास ते आठवून ये.

तो आला. टेबलावर दोन ढीग मांडले.

"पाण्याखाली धरायच्या आधी तू यातल्या कुठल्या घासतोस?"

"समद्या न्हाई घासत," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या पिना हातोड्याखालनं येत्यात तशाच, काळ्या. त्या तशाच तापवायच्या, तशाच पाण्याखाली. आपल्या माणसाची असली तर आधी बफच्या चाकावर धरतो. चकाकी आली की बरं वाटतंय." त्यानं मऊ पिनांच्या ढिगावर हात ठेवला. "ही माझ्या मामाची. ही आमच्या शेजाऱ्याची."

आणि तो थांबला. त्याचा हात त्या ढिगावर तसाच राहिला. मी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं होतं, कारण माझ्या प्लेटवर थेंब कसा पळतो हे त्यानं इतके दिवस उभं राहून बघितलं होतं.

"सिदूची मी लय घासली व्हती," तो म्हणाला. "तोंड दिसंल अशी. भावाची म्हणून."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? या माणसानं गावाला दिलेल्या पिना चांगल्या होत्या आणि आपल्या माणसांना दिलेल्या वाईट, भावाची तर सगळ्यात वाईट, आणि ती वाईट झाली ती मायेपायी. मी म्हटलं, "बिरू, तू कमी काही केलं नाहीस. जास्त केलंस, आणि ते लोखंडाला मानवलं नाही." हे शहाणपण त्याच्या काही कामाचं नव्हतं. मामा उठले, माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "पानी पी," म्हणाले. "मग उठ. काम बाकी हाय."

काम तसं थोडंच होतं. घासायचं ते सगळं झाल्यावर, आधी नाही. शिवाय पिन वरून सगळीकडं सारखी खरखरीत राहावी म्हणून तिला तापवायच्या आधी पातळ मातीचा हात द्यायचं ठरवलं. गणपती झाले होते, मूर्तीवाल्यांच्या मांडवात शाडू शिल्लक होता. तो पाण्यात कालवून लावला. पहिल्यांदा जाड लागला तर मातीनंच उष्णता अडवून धरली आणि पिन सगळीच मऊ निघाली. बिरूचा चेहरा उतरला. मग ताकासारखा पातळ केला. त्या पिना कापल्या तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या कठीण. परत केल्या, परत कापल्या, परत तेच. मामांचं मत आजही असं आहे की गुण पूजेचा. मी वाद घालत नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट मला सलत राहिली. लहानपणापासून ज्या थेंबावर मी जीव टाकला, जो तरंगावा म्हणून मी प्लेटा घासून घेतल्या, त्याच थेंबानं सिदूला चरीत टाकलं होतं. आणि आता तो तरंगूच नये म्हणून मी धडपडत होते. थेंब चिकटला, चर्र झाला, की बिरू खूश व्हायचा आणि मीही व्हायचे. पण घरी जाताना उसाच्या कडेकडेनं चालत जायची तेव्हा डोळ्यांपुढं फिरायचा तो नाचणाराच.

हंगाम सुरू झाला. सिदूची पहिली खेप होती त्या दिवशी बिरूनं मला बोलावून घेतलं. उताराच्या वर, सडकेच्या कडेला भरलेली ट्रॉली उभी होती. सिदू हसऱ्या तोंडाचा पोरगा, पाय ओढत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, दादाला सांगा जरा, रात्रभर जेवला न्हाई." बिरूनं पिन घातली. काळी, ओबडधोबड, चकाकीचं नाव नसलेली पिन. घातल्यावर तिच्यावरचा हात त्याला काढवेना.

आबा बाजूला दगडावर बसले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ते उठले, सावकाश ट्रॅक्टरपाशी गेले, काठी सिदूच्या हातात दिली आणि चाकावरच्या पत्र्यावर चढून बसले.

"आबा, खाली उतरा," बिरू म्हणाला. "आधी त्याला एकट्याला जाऊ द्या. मग बगू."

आबा त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "बाई, त्येला इचारा, पिन त्येनंच केलीया न्हवं?"

बिरूनं मान डोलावली.

"मग चल रं सिदू."

ट्रॅक्टर उताराला लागला. आम्ही वरून बघत होतो. वळणावर तो उसाआड गेला आणि नुसता आवाज येत राहिला. बिरू खाली उकिडवा बसला होता, दोन्ही हातांनी कान झाकून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. ऊस वाऱ्यानं सळसळत होता, कुठंतरी पाचट जळल्याचा वास येत होता, आणि मला सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. मग खालच्या सपाटीला ट्रॅक्टर दिसला. सरळ चालला होता. थांबला.

आम्ही पळत खाली गेलो. आबा उतरून पिनेपाशी वाकले होते. तळहातानं ती चाचपत होते, मेंढराच्या पाठीवरून हात फिरवतात तशी. मग सरळ झाले आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा थोरल्या मुलाकडं बघून बोलले.

"बिरू, पाणी आन प्यायला."

बिरू पाणी आणायला जो पळाला, तो बाटली माझ्या पिशवीत आहे हेही विसरून वरपर्यंत गेला.

परत येताना आबांनी मला विचारलं, "बाई, खोट कशात व्हती?"

"थेंबात, आबा. पाण्याच्या."

त्यांना ते पटलं नाही. मग आम्ही शेडवर गेलो. मी एक पोलादी पत्रा घासून घेतला, गॅसवर चांगला तापवला, आणि बोटावरून एक थेंब सोडला. थेंब गोल झाला आणि पळायला लागला. या कडेहून त्या कडेला, मधेच थांबून, अंग हलवून, पुन्हा पळत. आबा घोंगडं सावरून पत्र्यापाशी उकिडवे बसले.

"ह्यो?"

"हा."

"एवढासा? ह्येनं माझ्या पोराला पाडलं?"

"हो, आबा."

थेंब लहान होत गेला, मोहरीएवढा झाला, आणि दिसेनासा झाला. मला वाटलं, आता हे थुंकतील, शिवी घालतील, पत्रा लाथाडतील. त्यांचा हक्कच होता. मागं बिरू आणि सिदू उभे होते. आबांची नजर पत्र्यावरून हलली नव्हती. त्यांनी हात पुढं करून, न बघताच माझा पदर ओढला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आजून एक टाका."